एका मैलापुरता पात्र

६ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठे धावपटू लिहितात म्हणे. उद्या कोणी विचारलं की एमेट व्होंड्राची सुरुवात कशी झाली, तर डोकं खाजवत बसायला नको.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. साखर बंद. फेब्रुवारीत आमच्या कॉन्फरन्सची, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या गटाची, इनडोअर स्पर्धा आहे, त्यात एक मैलाची शर्यत जिंकणे. तिथून नॅशनल. पुढचं पुढे.

आज उठलो सव्वासातला. बाहेर नेब्रास्काचा वारा असा सुटलेला की फुफ्फुसं जपणं भाग होतं. मेसमध्ये चिली होती, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि तिच्याबरोबर सिनॅमन रोल. तो मी गोडात धरत नाही. चिलीबरोबर येतो म्हणजे जेवणाचाच भाग.

टीममधली पोरं अठरा-एकोणीसची. मी सव्वीसचा, पण फर्स्ट इयरला, म्हणजे त्यांच्याच बरोबरीचा. ती मला 'अंकल' म्हणतात. आदर आहे. माझा रूममेट बेकेट, तोही मैलच धावतो, आज विचारत होता, "अंकल, तुमच्या काळी शर्यतीला घोडे असायचे का हो?" भाबडा आहे.

९ जानेवारी, गुरुवार

आज जिममध्ये चाचणी. मधे बास्केटबॉलचं कोर्ट, त्याच्याभोवती आमचा ट्रॅक. मैलाला आठ फेऱ्या. वळणं इतकी तंग की माझ्या लांब ढांगेवर अन्याय होतो. शेवटचा आलो. बूट नवे होते.

कोच टिमरमन यांनी स्टॉपवॉच बघितलं, हलवलं, कानाला लावलं, पुन्हा बघितलं. थक्क झाले होते. नंतर म्हणाले, "एमेट, तू शाळेतून बाहेर पडलास अठराव्या वर्षी. मधली आठ वर्षं काय करत होतास?"

मी म्हटलं, क्रास्नाला, आमच्या गावी, धान्याच्या कोठारात नोकरी. पण धावणं सोडलं नव्हतं कोच, दरवर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला शर्यत. जिंकलोयसुद्धा.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मिसेस लोफ्टस तुला बोलावतील. त्यांच्यासमोर जास्त बोलू नकोस."

मोठ्या कॉलेजांनी मला पळवू नये म्हणून असणार.

१४ जानेवारी, मंगळवार

मिसेस लोफ्टस यांचं ऑफिस जिमच्या जिन्याखाली आहे. कोणी खेळायचं आणि कोणी नाही, हे त्या ठरवतात. चष्मा साखळीला. समोर जेलीच्या गोळ्यांची बरणी, पण देत नाहीत.

फार आस्थेने चौकशी केली. माझ्यावर कॉलेजच्या वेबसाइटसाठी लेख करताहेत हे तिसऱ्याच प्रश्नाला माझ्या लक्षात आलं. कोच जास्त बोलू नकोस म्हणाले होते, पण लेख म्हटल्यावर आखडता हात कसा घेणार?

"या शर्यतीत वेळ मोजत?" मी म्हटलं, अर्थात. "छातीवर नंबर?" होता ना! "बक्षीस?" टर्की. गोठवलेली, भली मोठी. दोन वर्षं लागोपाठ. "आणि ही शर्यत तू किती वर्षं धावलास?" म्हटलं, मॅडम, एकही वर्ष चुकवलं नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अरे बाळा," असं म्हणाल्या. भारावल्या होत्या.

निघताना विचारलं, फोटो हवा का? माझ्याकडे टर्कीबरोबरचा आहे. नको म्हणाल्या.

१५ जानेवारी, बुधवार

लेख आला का बघत होतो. नाही. दुपारी पुन्हा बघितला. नाही. प्रॅक्टिसला लक्ष लागेना. पाच मिनिटं लायब्ररीत, पाच मिनिटं जिन्याखाली, असं चाललं होतं. बेकेट म्हणाला, "अंकल, बसा की जरा, टाइल्स झिजतील."

उद्यापासून नक्की पाचला उठायचं.

१७ जानेवारी, शुक्रवार

लेख नाहीये.

कोचनी ऑफिसात बोलावलं. मिसेस लोफ्टस तिथेच होत्या. त्यांनी सांगितलं ते असं: कॉलेजांच्या खेळ-संघटनेचा नियम आहे. शाळा सुटल्यावर एक वर्ष माफ. त्यानंतर कॉलेजात न येता बाहेर कुठे रीतसर स्पर्धेत धावलं, की धावल्या वर्षागणिक खेळण्याचा एक सीझन वजा. प्रत्येकाला चारच सीझन. वयाने मोठे, बाहेर तयार झालेले धावपटू पोरांमध्ये घुसू नयेत म्हणून.

"तुझ्याच सांगण्याप्रमाणे," त्या म्हणाल्या, "तुझे चारही संपले. वर तीन अंगावर निघतात."

मी म्हटलं, मग मी चॅम्पियन आहे म्हणूनच मला बाहेर काढताय?

"तसंच काहीसं," मिसेस लोफ्टस म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

कोचनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. "तुला सांगितलं होतं ना रे, बोलू नकोस म्हणून!"

सगळं स्पष्ट आहे. माझी भीती वाटते त्यांना. बहुधा साउथ डकोटाच्या कॉलेजवाल्यांचा हात.

२० जानेवारी, सोमवार

अपील करता येतं. ती शर्यत रीतसर स्पर्धा नव्हती, असं क्रास्नाच्या लोकांनी संघटनेच्या समितीला सांगितलं तर सीझन परत मिळतात. कोच म्हणाले, "गावातल्या दोघांना फोन कर. एवढंच सांगायचंय त्यांना, की ती गंमत होती."

गंमत! आठ वर्षं!

फेऱ्या मारतोय. एकीकडे मैल. दुसरीकडे नाव. माणसाने कुठलं सोडावं?

जेवलो नाही. सिनॅमन रोल दोन.

२३ जानेवारी, गुरुवार

शेवटी स्वोबोडा काकांना फोन केला. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि थँक्सगिव्हिंगची शर्यत चर्चतर्फे तेच भरवतात. त्यांना कसं म्हणायचं की तुमची शर्यत फालतू होती असं सांगा? बर्फ उडवायच्या यंत्रांबद्दल बोललो. यंदा खप बरा आहे म्हणाले. मीही बरं म्हटलं. फोन ठेवला.

मग आईला केला. ती म्हणाली, "आवाज का असा? जेवतोस ना? अंगात गरम काही आहे का?" तिलाही विषय सांगायचा राहिला.

कोचना सांगितलं, लाइन लागत नाही. त्यांनी माझ्यासमोर नंबर लावला. पहिल्या रिंगला लागली. काकांशी आणि आईशी मग तेच बोलले.

२८ जानेवारी, मंगळवार

कोच माझ्यासाठी जिवाचं रान करताहेत. दिवसातून दोनदा मिसेस लोफ्टसकडे जातात. स्वतः शिकवतात तो भूगोलाचा तासही बुडवला. एवढा मोठा माणूस, पण एका धावपटूसाठी इतका कासावीस! बेकेट आज माझ्यापेक्षा जवळजवळ दोन फेऱ्या आधी पोचला, त्याला मात्र 'चांगलं' एवढंच म्हणाले. मला म्हणाले, "एमेट, तू फक्त आजारी पडू नकोस. जिन्यावरून हळू उतर."

असं कोणाला म्हणतात? ज्याच्यावर सगळी भिस्त असते त्याला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहितो. खरं तर लिहायची इच्छा नाही.

समितीतले तिघं स्क्रीनवर. इकडे मी, कोच, मिसेस लोफ्टस. फोनवर आधी स्वोबोडा काका.

"शर्यत कसली हो!" त्यांनी सुरुवातच अशी केली. "टर्की खायच्या आधी जरा भूक लागावी म्हणून चर्चपासून कोठारापर्यंत जाऊन यायचं. निम्मे लोक चालतच जातात. मिसेस कुचेरा तर वॉकर घेऊन येते."

समितीतल्या बाईंनी विचारलं, वेळ मोजत होतात ना? "छे! ते ओव्हनचं घड्याळ. आत कोलाचे, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, भाजत असतात, करपतील म्हणून बाहेर घेऊन उभा राहतो." मग छातीवरचे नंबर? "सोडतीचे. लोक तिकीट हरवतात, म्हणून मीच पिनेने लावतो." आणि टर्की? "सोडतीतच लागली पोराला. दोनदा! आमच्या गावात असं नशीब कोणाचं नाही."

मला खुर्चीत बसवेना. मी उठलो आणि म्हणालो, "पण मी पहिला आलो होतो!"

कोचचा बूट माझ्या पायावर. मिसेस लोफ्टस दातओठ खात म्हणाल्या, "तुला धावायचंय की नाही?"

पण बाईंनी ऐकलं होतं. "पहिला आला होता का?"

"आला होता खरा," स्वोबोडा काका म्हणाले. "फादर प्रार्थना म्हणत होते. त्यात मधे एक आमेन येतं आणि शेवटी एक. हा मधल्यालाच सुटला. आम्ही डोळे मिटलेले. उघडले तर हा कोठाराशी!"

स्क्रीनवरच्या एका गृहस्थांना खोकला आला. बराच वेळ आला.

मग आई. ती रविवारच्या, चर्चमधल्या आवाजात बोलत होती. म्हणाली, "आमचा एमेट धावतो साहेब, पण कोणाशी चढाओढ नाही हो करत. तो स्वभावच नाही. मागून कोणी आलं की बाजूला होतो, म्हणतो, जा पुढे. मिसेस लेंका चक्कर येऊन पडली त्या वर्षी, तर बाकीचे गेले निघून. हा तिला धरून बसला, घरी पोचवलं, सूप गरम करून दिलं. त्या वर्षी तर शेवटपर्यंत पोचलाच नाही."

ते वर्ष मी सगळ्यांना 'दुखापत' म्हणून सांगत आलोय. आईला कोणी विचारलं होतं?

निकाल एकमताने. कोणत्याही व्याख्येत ही स्पर्धा बसत नाही. एमेट व्होंड्रा पात्र. पण पुढच्या शरद ऋतूपासून संघटना वयाची सरळ मर्यादा लावतेय, पंचवीसच्या वर कोणी नाही. म्हणजे मला फक्त हे एकच वर्ष. त्यातही इनडोअरची एवढी एकच स्पर्धा उरलीय.

कोचनी मला मिठी मारली. त्यांचे डोळे ओले होते.

बाहेर येऊन पार्किंगमध्ये चालत राहिलो. आठ वर्षांत मी एकही शर्यत धावलो नाही असं आज ठरलं, आणि म्हणून मला धावता येणार आहे. आनंद करायचा की काय करायचं ते ठरेना. थंडीने कान दुखायला लागल्यावर आत आलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

झालं ते बरंच झालं. आता प्रतिस्पर्ध्यांना माझ्याबद्दल काहीच माहीत नाही. ते गाफील राहतील.

योजना: पहिली फेरी पुढे राहून दहशत बसवणे. मधल्या फेऱ्या सांभाळणे. शेवटी झेप. बेकेटला सांगितली. तो म्हणाला, "अंकल, मधल्या सहा आहेत बरं का." छोट्या गोष्टीत अडकतो तो.

पाचला उठलो आज! बेकेटचा गजर होता, चुकून माझ्याकडे वाजला. पुन्हा झोपलो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

स्पर्धेच्या गावाला बसने. रस्ताभर बर्फ आणि कापलेल्या मक्याची खुंटं. मी मधल्या वाटेत येरझाऱ्या घालत होतो. ड्रायव्हरनी दोनदा सांगितलं, "खाली बस रे बाबा."

बेकेट शेजारी. कानातली वायर काढून म्हणाला, "थँक्स हां अंकल. खरंच. तुम्ही नसता तर आम्ही आज घरी असतो." मी म्हटलं, अरे, टीमसाठी एवढं तर करायलाच हवं. तो म्हणाला, "नाही, म्हणजे तेराच झालो असतो ना. तेरा जणांना संघ म्हणून धरत नाहीत. सीझनच बाद."

मी म्हटलं, कसले तेरा?

त्याने माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने वायर परत कानात घातली.

२२ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

मोटेलच्या नाश्त्याला कोच वॅफलच्या यंत्रासमोर उभे होते. मी सरळ विचारलं.

"बस," ते म्हणाले. मी उभाच राहिलो. "हो एमेट. चौदा लागतात. नाताळात एक पोरगा कुस्तीच्या संघात गेला, एक कॉलेजच सोडून गेला. तेरा राहिले. धावो, उडी मारो, काही करो, पण चौदा जण मैदानात उतरलेच पाहिजेत."

"म्हणजे मी—"

"तू चौदावा."

वॅफलचं यंत्र शिट्टी मारायला लागलं. त्यांनी झाकण उघडलं, वॅफल काढून माझ्या ताटलीत घातला.

"गोळाफेक घे," ते हळू आवाजात म्हणाले. "एकदा टाक. पाऊल रेषेबाहेर पडलं तरी हरकत नाही. दोन मिनिटांचं काम. कोणी बघतही नाही तिकडे. मैल धावायलाच हवा असं नाही."

मी म्हटलं, मैल.

त्यांनी यंत्रात पुन्हा पीठ ओतलं. "बरं."

 वॅफल टाकून दिला. कोपऱ्यावरून चारदा जाऊन आलो. पळून जावंसं वाटतं, पण पळायचंच आहे.

तोच दिवस, संध्याकाळ

पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे मी होतो. हे आधी लिहून ठेवतो. बेकेटने बघितलंय, खोटं नाही.

दुसऱ्या फेरीला बेकेट गेला, मग आणखी एक, मग सगळेच. छातीत कोणीतरी कोळसे भरत होतं. त्यानंतर एकदा पुढचे लोक मागून आले आणि गेले. पुन्हा एकदा आले, इतक्यात घंटा वाजली. शेवटच्या फेरीची घंटा! मी जीव तोडून सुटलो. वळणावर दोघांना गाठलं. एकाच्या अर्धं पाऊल पुढे रेषा ओलांडली. दोन्ही हात वर केले. प्रेक्षकांत एक बाई माझ्याकडे बघून जोरात हसली, मीही हसलो.

रेषेवर लाल कोटातले एक म्हातारे अधिकारी होते. माझ्या दंडाला हात लावून म्हणाले, "बेटा, ती घंटा त्यांची होती. तुझ्या अजून दोन आहेत."

मी हात खाली केले.

पलीकडून कोच हातवारे करत होते, "ये बाहेर! झालं काम, एमेट! ये!" खरंच झालं होतं. मी मैदानात उतरलो होतो, संघ वाचला होता. सरळ रेषेवर पोरं पुढच्या शर्यतीचे अडथळे मांडायला गाडी घेऊन उभी होती, मी कधी बाजूला होतो याची वाट बघत.

मी त्यांना म्हटलं, जरा थांबा.

आणि निघालो. का निघालो ते नीट सांगता येत नाही. ट्रॅकवर दुसरं कोणी नव्हतं. मागून कोणी येत नव्हतं की बाजूला होऊन जा पुढे म्हणावं. माझ्याच बुटांचा आवाज येत होता. पॉपकॉर्नचा वास येत होता. बेकेट आतल्या बाजूने वाकून माझं नाव घेऊन ओरडत होता, नुसतं नाव. मोठ्या माणसाला अशी हाक मारतात का? पण तेव्हा बोलायला श्वास नव्हता.

शेवटच्या वळणावर काही लोक उठून उभे राहिले. बहुतेक निघायच्या तयारीत असतील.

रेषा ओलांडून तिथेच आडवा झालो. छत फार उंच आहे तिथलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

संघ शेवटून दुसरा. कोच खूश आहेत, गेल्या वर्षी शेवटचा होता. बेकेट मैलात तिसरा आला. रात्रीच्या जेवणाला त्याला सगळ्यांनी उचललं. मलाही उचलायला आले होते, मी नको म्हटलं. पाठ धरलीय.

मैलाचा निकाल जिमच्या दाराशी लावलाय. माझं नाव सगळ्यात खाली. विजेत्याची वेळ आणि माझी वेळ यात एक माणूस चहा पिऊन येईल. दोनदा जाऊन बघितलं. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "पोचलास ना पण?" म्हटलं, पोचलो.

"मग झालं तर," ती म्हणाली.

३ मार्च, सोमवार

आज प्रॅक्टिसला गेलो. सवयीने. कोच कपाटं आवरत होते. म्हणाले, जर्सी जमा कर, धुवून आण. मी म्हटलं, एप्रिलपासून उघड्या मैदानावरचा सीझन आहे ना, मी ठरवलंय की— त्यांनी मधेच थांबवलं. नाताळात कुस्तीच्या संघात गेलेला तो पोरगा परत आलाय. दुसरेही दोघं मिळालेत. बाहेरच्या मैदानावर जागा भरल्या.

मी कपाटाच्या दाराशी उभा राहिलो. जर्सी अंगावरच होती, ती तिथे काढायची की खोलीवर जाऊन, कळेना.

कोच म्हणाले, "कोठारात होतास म्हणजे धान्याचा ट्रक चालवला असशील?" म्हटलं, आठ वर्षं. "अवजड गाडीचा परवाना आहे?" आहे. "आपला ड्रायव्हर फ्लोरिडाला चाललाय मुलीकडे. बस चालवशील? स्पर्धांना सगळीकडे न्यायचं, आणायचं. जेवण आमच्याबरोबर."

विचार करून सांगतो म्हटलं. जिना उतरेपर्यंत विचार केला. मग वर जाऊन हो म्हणालो.

जाता जाता मिसेस लोफ्टसकडे डोकावलो. नियम आधी विचारलेले बरे. म्हटलं, मॅडम, बस ड्रायव्हरला वयाची काही अट?

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सत्तर," म्हणाल्या. आणि बरणी माझ्याकडे सरकवली.

म्हणजे माझे चव्वेचाळीस सीझन शिल्लक आहेत.